मिरावेत: एब्रो ओलांडून गावात शिरताना

स्पेनच्या कातालुन्या भागात, एब्रो नदीच्या उजव्या काठावर मिरावेत नावाचं सात-आठशे वस्तीचं गाव आहे. तिथे पोहोचायचे दोन रस्ते. मोबाइलचा नकाशा मोरा देब्रेचा पूल ओलांडून, बेनिसानेतवरून, गावाच्या पाठीमागून आत नेतो. रस्ता सोपा आहे, पण त्याने गेलात की गाडी वाहनतळावर लागते, समोर घरांच्या मागच्या भिंती दिसतात आणि नदी शोधत गल्ल्या फिराव्या लागतात. दुसरा रस्ता डाव्या काठाने, जिनेस्तार गावावरून येतो आणि पाण्यापाशी संपतो. पुढे तरीने, म्हणजे नदी ओलांडणाऱ्या सपाट नावेने जायचं. आमचं मत पक्कं आहे: पहिल्यांदा जाताना तरीनेच जा, आणि सकाळी जा. गाव पूर्वेकडे तोंड करून बसलंय. सकाळच्या उन्हात किल्ला, त्याखालची जुनी घरं आणि पाण्यातली त्यांची पडछाया एकदम समोर येते. दुपारनंतर हाच भाग सावलीत जातो.

गाडी नसेल तर बार्सिलोनाहून मोरा ला नोवापर्यंत लोकल रेल्वेने या. साधारण अडीच तास लागतात. या मार्गावर गाड्या कमी आहेत आणि रुळांची कामं निघाली की मधला टप्पा बसने करावा लागतो. म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघायचं, आणि येण्याच्या गाडीइतकंच लक्ष परतीच्या गाडीकडे द्यायचं. स्टेशन डाव्या काठावर, तर मिरावेत उजव्या. स्टेशनातून तरीच्या धक्क्यापर्यंत सुमारे दहा किलोमीटर भरतात. टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते, स्टेशनाबाहेर उभी असेल या भरवशावर राहू नका. सायकल असेल तर उत्तमच. रस्ता जवळपास सपाट आहे आणि दोन्ही बाजूंना पीचच्या बागा आहेत. सायकल तरीवरही चढते.

आता तरीविषयी, कारण ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कोकणात आपण खाडी ओलांडायला तरीत बसतो, गोव्यात फेरीबोटीत. त्या डिझेलवर चालतात. मिरावेतच्या तरीला इंजिनच नाही. एब्रोवर इंजिनाशिवाय चालणारी ही शेवटची तर. खाली दोन लाकडी नावा, ज्यांना तिथे ल्यागुत म्हणतात, थोडं अंतर ठेवून समांतर जोडलेल्या. त्यांच्यावर फळ्यांची सपाट फर्शी. फर्शीवर दोन-तीन मोटारी आणि कडेला माणसं. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी तार ताणलेली, आणि तर दोराने त्या तारेला बांधलेली.

चालते कशी, तर अशी. दोरामुळे तर प्रवाहाबरोबर खाली वाहून जाऊ शकत नाही. तारी, म्हणजे तर चालवणारा माणूस, सुकाणू वळवून नावा प्रवाहाला तिरक्या धरतो. पाणी नावांच्या तिरक्या कुशीवर आदळतं आणि मागच्या अंगाने निसटतं, आणि त्या आदळण्यातला आडवा जोर तरीला पलीकडे ढकलतो. परत येताना तिरकेपणा उलट्या बाजूला. बस, एवढंच. फर्शीच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला उभे राहिलात तर हे सगळं हाताच्या अंतरावर बघता येतं: आधी दोर सैल असतो, सुकाणू वळलं की तो हळूहळू ताठ होतो, त्यातून पाण्याचे थेंब पिळून निघाल्यासारखे टपकतात, आणि मग फळ्यांखालून पाण्याचा खळखळाट सुरू होतो. तोवर तर निघालेली असते आणि निघाल्याचं कळलेलंही नसतं. मधोमध ती सगळ्यात वेगात जाते, कारण तिथे प्रवाह जोरात असतो. काठाजवळ पाणी मंद, म्हणून शेवटचे काही मीटर ती आधीच्या वेगावर सरकत येते.

मोटार घेऊन चढणार असाल तर तारी सांगेल त्याच रेषेत, पहिल्या गिअरमध्ये, न थांबता चढा. दोन्ही नावांवर भार सारखा बसायला हवा, म्हणून तो गाडी इंचभर पुढे-मागे घ्यायला सांगतो. त्यात वाद नको. मग इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. लांब व्हॅन किंवा कॅरॅव्हॅन असेल तर आधी विचारून घ्या. पैसे थोडेच लागतात, पण सुटे युरो जवळ असू द्यात.

तर बंद असण्याची तीन कारणं. पहिलं म्हणजे दुपारची सुट्टी. जेवणाच्या वेळी तर थांबते आणि चार वाजायच्या सुमाराला पुन्हा सुरू होईल असं धरून चालावं. हिवाळ्यात वेळा आणखी आखडतात. दुसरं कारण पाणी. वरच्या अंगाला मेकिनेन्सा, रिबा-रोजा आणि फ्लिक्स ही धरणं आहेत. तिथून जास्त पाणी सोडलं की प्रवाहाचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की दोरावरचा ताण चौपट होतो. वर पुरात वाहून येणारे ओंडके. अशा वेळी तर बांधून ठेवतात आणि कितीही विनवलं तरी सोडत नाहीत. ते योग्यच आहे. पाणी फार कमी असेल तर उलट अडचण: प्रवाहात दम नसतो आणि दहा मिनिटांचं काम लांबतं. तिसरं कारण वारा. वायव्येकडून खोऱ्यातून खाली येणारा कोरडा वारा, ज्याला इथे मेस्त्राल किंवा सेरे म्हणतात, जोरात असला की नावा तिरक्या धरणं अवघड होतं. म्हणून निघण्याआधी गावच्या पर्यटन कार्यालयाला फोन करावा. तर बंद असेल तर पुलावरून वळसा पंधरा-वीस किलोमीटरचा पडतो. सायकलवाल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पलीकडे उतरलात की डावी-उजवीकडे न बघता आधी जुन्या वस्तीकडे चढा. तिला काप दे ला विला म्हणतात. घरं कड्याला चिकटलेली, काहींच्या भिंती सरळ पाण्यातून वर आल्यासारख्या. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले की भिंतींना लागतात. वर जुनं चर्च आहे, सोळाव्या शतकातलं. तिथे पूर्वी मशीद होती. या गावाचा इतिहास त्या एका जागेत दिसतो. 1153 साली बार्सिलोनाचा काउंट रामोन बेरेंगेर चौथा याने हा भाग जिंकला आणि किल्ला टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाला दिला. पण खालची शेती पुढेही मुख्यतः मुस्लिम शेतकरीच करत राहिले, कारण पाटाचं पाणी, वाफे आणि फळझाडं त्यांनाच ठाऊक होती. 1610 साली धर्मांतरित मुस्लिमांच्या, म्हणजे मोरिस्कोंच्या हकालपट्टीचा हुकूम कातालुन्यात लागू झाला. किल्ल्यावर टेंपलरांची नावं पाट्यांवर ठळक आहेत. ज्यांनी हे खोरं कसलं त्यांच्याबद्दल मात्र फार थोडं लिहिलंय, हे खटकतं.

किल्ल्यावर जायला जुन्या वस्तीतून पायवाट आहे, वीस मिनिटांची, चढ सलग. मागच्या बाजूने गाडीरस्ताही आहे, तो गुडघे दुखणाऱ्यांसाठी. सोमवारी किल्ला बंद. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आणि बंद होण्याच्या बऱ्याच आधी तिकीट देणं थांबतं. जुलै-ऑगस्टमध्ये दहाच्या आत वर पोहोचा. त्यानंतर दगड तापतो, वाटेवर सावली नाही, आणि तापमान सहज पस्तीसच्या वर जातं. प्रत्येकी दीड लिटर पाणी जास्त नाही. बूट रबरी तळव्याचे हवेत. आतली दगडी फरसबंदी शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाली आहे.

आत गेल्यावर धान्यकोठार, पाण्याचं टाकं, भोजनगृह असं सगळं एका चौकाभोवती बघायला मिळतं. सजावट अजिबात नाही. कमानी, छत, भिंत, सगळं कामापुरतं आणि अतिशय नेटकं. टेंपलरांच्या रोमानेस्क, म्हणजे मध्ययुगातल्या जाड भिंती आणि गोल कमानींच्या शैलीतल्या बांधकामाचा युरोपातला हा उत्तम नमुना समजतात, आणि तो त्या नेटकेपणामुळे. 1307 साली पंथावर बंदीची कारवाई सुरू झाली, तेव्हा इथल्या शिबंदीने दार उघडलं नाही. वेढा वर्षभर चालला, आणि डिसेंबर 1308 मध्ये किल्ला पडला. एका चौकाला ‘रक्ताचा चौक’ म्हणतात, शेवटचे टेंपलर तिथे मारले गेले अशी दंतकथा आहे. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी.

चर्चच्या कोपऱ्यात दगडी चक्री जिना आहे. तो चुकवू नका. वर गच्चीवर गेलात की खोरं का पिकतं हे एका नजरेत कळतं. पाण्याला लागून बोरू आणि पॉपलरची झाडं. त्यानंतर सपाट गाळाची जमीन, शतकानुशतकं पुरांनी आणून टाकलेली. तिच्यावर पीच, चेरी, संत्री आणि भाजीपाला, सगळं पाटाच्या पाण्यावर. जमीन जिथे एक पायरी वर चढते तिथे रंग बदलतो. हिरवा संपून राखाडी सुरू होतो. ते ऑलिव्ह आणि बदाम, कोरडवाहू, मधूनमधून द्राक्षवेली. त्याही वर पाइनचे डोंगर. आपल्याकडे नदीकाठची मळई आणि वरची मुरमाड यांत जो फरक, तोच इथे रेघ मारल्यासारखा दिसतो. मार्चमध्ये पीचचा गुलाबी मोहर येतो, थोड्या दिवसांनी चेरीचा पांढरा. चेरी मे महिन्यात हाती येते, पीच आणि नेक्टरिन जूनपासून उन्हाळाभर, संत्री हिवाळ्यात. बागांना कुंपण नसतं, पण आत शिरायचं नाही आणि फळ तोडायचं नाही. रस्त्यालगत शेतकरी पेट्या लावून विकतात, तिथे घ्या. तिथलं फळ झाडावर पिकलेलं असतं, त्यामुळे दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही.

त्याच गच्चीवरून पश्चिमेला डोंगर दिसतात, स्पेनच्या यादवी युद्धातल्या, 1938 च्या एब्रोच्या लढाईतले. 25 जुलैच्या पहाटे प्रजासत्ताकाच्या सैन्याने होड्या आणि तात्पुरत्या पुलांवरून नदी ओलांडली, मिरावेतच्या परिसरातूनही. प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या बाजूने वरच्या उपनद्यांवरच्या धरणांचे दरवाजे उघडून लोंढा सोडला आणि पूल वाहून नेले. लढाई 16 नोव्हेंबरपर्यंत चालली. गाडी असेल आणि दुपार मोकळी असेल तर कोर्बेरा देब्रेचं उद्ध्वस्त जुनं गाव जवळच आहे, ते तसंच ठेवलंय.

खाली उतरल्यावर कुंभारवाड्यात जा. गावच्या कडेला, रावाल नावाच्या वस्तीत, कार्यशाळा ओळीने आहेत. काहींच्या मागे जुन्या लाकडी जळणाच्या भट्ट्या अजून उभ्या आहेत. कुंभार कामात असेल तर आधी नमस्कार करून विचारायचं, फोटो नंतर. इथली खास वस्तू कांतिर. मराठी माणसाला ती ओळखीची वाटते, कारण ती आपल्या माठाची आणि सुरईची बहीण आहे. गोल पोट, वर मधोमध कडी, एका बाजूला पाणी भरायचं रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला पिण्याची बारीक तोटी. त्या तोटीला गालेत म्हणतात. पाणी प्यायची पद्धतही आपलीच: कांतिर उंच धरायचा, तिरका करायचा, आणि धार वरून तोंडात सोडायची. ओठ लावायचा नाही. आपल्या आजी-आजोबांनी तांब्या-पेल्याला जो नियम लावला, तोच इथल्या शेतावर एक भांडं दहाजणांत फिरवताना पाळतात.

कांतिर घेताना काय बघावं? बोटाच्या पेराने टकटक करा. स्वच्छ, लांबणारा आवाज हवा. बोथट आवाज म्हणजे कुठेतरी केसासारखी चीर. बाहेरून चकचकीत लेप असलेला कांतिर शोभेला घ्यायचा. पाणी थंड हवं असेल तर बिनलेपाचा, कारण थंडावा झिरपण्यातून येतो. पाणी मातीच्या छिद्रांतून बाहेर येतं, वाफ होताना उष्णता घेऊन जातं. त्यासाठी हवा कोरडी आणि वाहती लागते. म्हणून नागपुरात, लातुरात मे महिन्यात हा कांतिर उत्तम चालेल. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात चालणार नाही, कारण दमट हवेत वाफ फारशी होत नाही. पहिले तीन-चार दिवस पाणी भरून ठेवून रोज ओतून द्या, म्हणजे पाण्याला येणारी मातीची चव निघून जाते. स्थानिक लोक त्या पाण्यात थोडी बडीशेपेच्या वासाची दारू घालतात. साध्या पाण्यानेही काम होतं, दिवस जास्त लागतात. काही महिन्यांनी बाहेरून पांढरा थर धरू लागला तर तो जड पाण्यातला क्षार आहे. छिद्रं बुजतात आणि गारवा कमी होतो. नारळाच्या काथ्याने घासा, साबण लावू नका, माती साबण पिते आणि मग पाण्याला त्याचा वास येतो. विमानातून आणताना तोटी पहिल्यांदा मोडते. तोटीभोवती मोज्यांची गुंडाळी करा, पोटात कपडे ठासा, आणि भांडं हातातल्या सामानात ठेवा.

जेवण साधारण दीड ते साडेतीन या वेळेत. त्यानंतर स्वयंपाकघर बंद. या खोऱ्याचा स्वतःचा पदार्थ म्हणजे क्लोचा. शेतावर न्यायची शिदोरीच ती. गोल गावठी पावाचा अर्धा भाग घेऊन आतला मऊ गर काढायचा. निखाऱ्यावर भाजलेले टोमॅटो, लसणाचा अख्खा गड्डा, कांदा आणि आरेंगादा नावाचा खारवलेला तारलीसारखा मासा आत भरायचा. वरून ऑलिव्हचं तेल सढळ हाताने, आणि काढलेला गर झाकणासारखा परत लावायचा. तेल पावात मुरायला अर्धा तास द्यावा. भाकरीवर भाजलेला कांदा-लसूण आणि सुका मासा घेऊन शेतावर बसलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. शाकाहारी असाल तर ‘सेन्से कार्न नि पेश’ म्हणजे मांस-मासे नकोत, हे वाक्य पाठ करा, आणि ऑर्डर देतानाच म्हणा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं की भाजलेल्या भाज्यांवर मासा ठेवून येऊ शकतो. भाजलेली वांगी-मिरची म्हणजे एस्कालिवादा बहुतेक ठिकाणी मिळते आणि ती वांग्याच्या भरताच्या जवळची लागते.

एका त्रासाची कल्पना आधीच हवी. उन्हाळ्यात नदीकाठी काळी माशी असते, चिलटाएवढी. ती डासासारखी टोचत नाही, कातडी कापते. चावताना कळत नाही, पोटरीवर रक्ताचा ठिपका दिसतो, आणि काही तासांनी तिथे सूज व भयंकर खाज येते. तिचं इथे वाढणं धरणांशी जोडलेलं आहे. गाळ धरणांत अडकतो, म्हणून खालचं पाणी स्वच्छ झालंय. ऊन तळापर्यंत पोहोचतं, पाणवनस्पती माजतात, आणि त्यांच्या पानांवर, वाहत्या पाण्यात, माशीच्या अळ्या चिकटून वाढतात. तोच गाळ पूर्वी खाली समुद्रापर्यंत जाऊन त्रिभुज प्रदेश राखत होता. तो न पोहोचल्याने आता तिथला किनारा खचतोय. प्रवाशाने करायचं ते एवढंच: सकाळी लवकर आणि संध्याकाळी काठावर असाल तर लांब पायजमा, मोजे आणि घोट्यांना रेपेलंट. सूज वाढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

नदी शांत दिसते म्हणून पोहायला उतरू नका. तळाशी ओढ असते आणि धरणातून पाणी सुटलं की पातळी बघता बघता बदलते. पाण्यावर जायचंच असेल तर कायाक भाड्याने घेऊन वरच्या मोरा देब्रेपासून मिरावेतपर्यंत प्रवाहाबरोबर या. वल्हं फारसं मारावं लागत नाही, सेरे वारा मात्र पाठीवर घ्या, तोंडावर नको. पायी जायचं असेल तर काठाने जुनी ओढवाट आहे, कामी दे सिर्गा. इंजिनं येण्याआधी माल भरलेले ल्यागुत प्रवाहाविरुद्ध वर न्यायला माणसं आणि खेचरं याच वाटेवरून खांद्याला दोर लावून ओढत. खाली बारूफेमेसच्या अरुंद घळीपर्यंत ही वाट सुंदर आहे. पाऊस झाला असेल तर तिथला चिकण गाळ बुटाला किलो-किलो चिकटतो, तेव्हा कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा.

एक दिवस पुरेसा आहे, पण मुक्काम केलात तर संध्याकाळी सगळे गेल्यावर गाव तुमचं एकट्याचं होतं. खोल्या थोड्याच आहेत, मोहराच्या आणि चेरीच्या आठवड्यांत आधी राखून ठेवा. हिवाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी उपाहारगृहं बंद असू शकतात, आणि सकाळी धुकं इतकं असतं की तर सुरू असली तरी पलीकडचा काठ दिसत नाही.

त्याच संध्याकाळी परतणार असाल तर तारीकडून शेवटच्या फेरीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून घ्या, फलकावरच्या वेळेवर विसंबू नका. पाणी वाढत असेल तर तो वेळेआधीच तर बांधतो. धक्क्यावर वीस मिनिटं आधी या. तर पलीकडच्या काठाला असेल तर हात वर करा आणि वाट बघा. पलीकडे एखादी मोटार चढत असेल तर ती चढेपर्यंत तारी इकडे निघणार नाही.